मिठाचे पाणी

भोसरी,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सिद्धेशला गणराजचा नमस्कार.

मी इथे बरा आहे. तूही घरी बरा असशील असं धरून लिहितो आहे, कारण विचारायला दुसरी सोय राहिलेली नाही. तुला मेसेज पाठवला की एक टिक येते आणि तशीच राहते. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. पत्ता पाठ होता. तुझे रजेचे अर्ज मीच तर लिहायचो. आईबाबांना माझा नमस्कार सांग.

आज कंपनीला सुट्टी. सकाळीच कपडे धुऊन झाले, खोली झाडून झाली, आणि घड्याळात पाहिलं तर साडेनऊच वाजले होते.

लिहायचं कारण खेकडे. तू सामान नेलंस, पण त्यांचा डबा खिडकीतच राहिला. विसरलास की मुद्दाम ठेवलास ते कळलं नाही. गणपतीहून येताना तू त्यांना बरणीत घालून आणलं होतंस आणि म्हणाला होतास, "हे बघ गण्या, तुझ्याच घराण्यातले. हाक मारली की शंखात." मोठ्याचं नाव तू सुपरवायझर ठेवलंस, कारण तो नुसता फिरतो, आणि लहान्याचं हेल्पर. दोघेही जिवंत आहेत. हे आधी सांगायला हवं होतं.

आपण त्यांना फार चुकीचं ठेवत होतो. मी मोबाइलवर बरंच वाचलं. बिस्किटांच्या डब्यात बोटभर वाळू आणि झाकणात नळाचं पाणी, एवढ्यावर ते जगले हेच विशेष. आता काळेवाडीतल्या माशांच्या दुकानातून जुनी काचेची टाकी आणली आहे. कोपऱ्यात चीर होती, ती बुजवली. तळाला वीतभर वाळू, नारळाचा भुसा मिसळलेली. मुठीत दाबली की गोळा व्हावा इतकी ओली. कात टाकायची वेळ आली की ते वाळूत खाली जातात आणि महिना-दोन महिने वर येत नाहीत. तेव्हा उकरून बघायचं नसतं. लोक मेला समजून फेकून देतात म्हणे.

ते जमिनीवर फिरतात, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात. हवा कोरडी पडली की हळूहळू गुदमरतात. इथली जानेवारीची हवा तुला माहीत आहे. टाकीवर काच ठेवली, बाहेरून गोधडी गुंडाळली, शेजारी बल्ब लावला. आत दमटपणा मोजायचं छोटं यंत्र आहे. ते ऐंशी दाखवतं तेव्हा मी जेवतो.

पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना सोसत नाही, म्हणून पाणी एक दिवस उघडं ठेवतो आणि मग माशांच्या औषधाचे दोन थेंब टाकतो. खाऱ्यासाठी आधी वाटलं होतं की कंपनीतलं मीठ आणावं. आणलं नाही. एक तर ती चोरी झाली असती, आणि दुसरं म्हणजे ते मीठ फार शुद्ध असतं. समुद्रात नुसतं मीठ नसतं, बाकीही पुष्कळ असतं. दुकानात समुद्री मिठाची पुडी मिळाली. लिटरला पस्तीस ग्रॅम. लॅबमध्ये माझ्या हाताला पन्नासची सवय, त्यामुळे पहिल्या खेपेला चुकलो आणि सगळं ओतून दिलं. तुमच्याकडचा समुद्र साधारण कितपत खारट असतो? मी परंड्याचा माणूस, मी अजून पाहिलेला नाही.

बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, "गोडे पाणी" आणि "मिठाचे पाणी". तू असतास तर हसला असतास. लॅबबाहेरच्या कॅनवर तू खडूने "नमक का पाणी" लिहायचास, हिंदीत ण घालून. ते मला बघवायचं नाही. मी ते पुसून छापल्यासारख्या "मिठाचे पाणी" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, तर तू आठवडाभर मला शुद्धलेखनसाहेब म्हणत होतास. तेव्हा राग आला होता. आता त्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मालकीणबाई सावित्रीबाई परवा वर येऊन टाकी बघून गेल्या. म्हणाल्या, "आरं, हितं माणसाला पानी दिसाआड येतंय, आन् तुझ्या खेकड्यांला दोन-दोन वाट्या व्हय?" मग रस्सा कधी करणार तेही विचारून गेल्या.

माझं काम तेच. आईने फोनवर विचारलं, तू तिथं नेमकं करतोस काय. सांगितलं, जस्ताचं प्लेटिंग केलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर बंद पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतो आणि किती तासांनी डाग पडतो ते लिहितो. आई म्हणाली, म्हणजे चांगलं लोखंड गंजवायला ठेवलंय का तुला.

खेकड्यांचंही रजिस्टर केलं आहे. पाणी कधी बदललं, किती दमटपणा होता, सगळं लिहितो. कंपनीच्या रजिस्टरमध्येही माझी एकही ओळ चुकलेली नाही, एक दिवस सोडला तर.

तू गेलास त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. खेकडे ठीक आहेत एवढं तुला कळावं.

गणराज

ता. क. टाकी तुझ्या कॉटवर ठेवली आहे. तुला न विचारता ठेवली. दुसरीकडे ऊन लागत होतं.


भोसरी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

नमस्कार. माझं पत्र मिळालं असेल. उत्तराची घाई नाही.

सुपरवायझर २४ जानेवारीला वाळूत गेला. कोपऱ्यात एक भोक दिसत होतं, तेही दोन दिवसांनी बुजलं. हेल्पर वरच आहे. तो संध्याकाळी दिवे लागले की बाहेर येतो आणि त्या कोपऱ्यावर जाऊन बसतो. मी काही उकरलेलं नाही. कामावरून आल्यावर काचेला नाक लावून वास घेतो. मेला असेल तर वास येतो म्हणतात. येत नाही. पण मला सर्दी होती, त्यामुळे खात्री नाही.

मागच्या पत्रात मी ते टाळलं. टाळून झोप लागली नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की माझा हात स्थिर राहतो.

११ नोव्हेंबर, सोमवार. दिवाळीहून माणसं परतली नव्हती. तू प्लेटिंगच्या दोन्ही लाइन एकटा बघत होतास. सकाळच्या ट्रॉलीतला नमुना मी पेटीत टांगला आणि तो शहाण्णव तास टिकून पास झाला. दुपारचा माल चाचणी न होता तसाच गेला आणि २५ तारखेला परत आला. ब्रॅकेटवर गंजाची पांढरी भुकटी. मॅनेजर यशवंतरावांनी सगळ्यांना ऑफिसात घेतलं. सकाळचा माल पास, दुपारचा नापास, म्हणजे प्लेटिंग ठीक होतं आणि दुपारी शेवटची धुलाई झाली नाही, असं त्यांचं म्हणणं. नग भरून काढायला तू शेवटची टाकी टाळलीस असं ते म्हणाले.

तू म्हणालास, सगळं धुतलं. टाकी आपल्या लाइनवरच्या रामप्रवेश चाचांनी भरली होती. चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, हाँ साहब, मीठा पानी डाला था, बोअर का नहीं. म्हणजे टाकीही ठीक होती.

मग यशवंतरावांनी मला विचारलं, "लॅबच्या काचेतून टाकी दिसते. तू याला धुताना पाहिलंस का?"

मी म्हणालो, "त्या दुपारी पाहिलं नाही."

हे खरं होतं. मी मीठ मोजत होतो, माझी पाठ होती. मी खोटं बोललो नाही. गेले अडीच महिने मी स्वतःला हेच सांगतो आहे. तुझा गेटपास काढून घेतला. खोलीवर बॅग भरताना तू एकच वाक्य बोललास, "गण्या, त्या दिवशी नाही पाहिलंस, कबूल. पण मी रोज धुतो हे तर पाहिलं होतंस ना?"

त्यावर मी काय बोललो ते मला आठवतं. मी म्हणालो, "त्यांनी ते विचारलं नव्हतं."

एवढंच आज. खेकड्यांचं पाणी बदलायचं आहे.

गणराज


भोसरी,
गुरुवार, ६ मार्च २०२५

सिद्धेश,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून चार दिवस परंड्याला गेलो होतो. डोळा आता ठीक आहे. जाताना खेकड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. सावित्रीबाईंवर रश्शामुळे विश्वास नव्हता. शेवटी आपल्या चाचांनाच विचारलं. ते दोन गल्ल्या सोडून राहतात आणि कामाला कधी नाही म्हणत नाहीत. त्यांना किल्ली दिली, वाट्या दाखवल्या, रोज दोन्ही वाट्यांतलं पाणी बदलायचं एवढं सांगितलं आणि दोन बाटल्या काढून ठेवल्या. म्हटलं, बाटल्यांवर लिहिलेलं आहे.

परत आलो. हेल्पर शंखात आखडून बसला होता. मी खारटपणा मोजायची नळी आधी खाऱ्या वाटीत घातली, बरोबर. गोड्या वाटीत घातली, तर तेवढाच आकडा. दोन्ही वाट्या खाऱ्या. आणि खाऱ्या पाण्याची बाटली संपलेली, गोड्याची अर्धी.

चाचांना बोलावलं. रागावलो नव्हतो, खरंच. विचारलं, दोन्ही वाट्यांत एकच पाणी का टाकलंत? चाचांनी बाटली उचलली आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"मीठा पानी लिखा है ना, बेटा. ये देखो, मिठा. चे-वे हम नहीं समझे. आदमी हो कि कीड़ा, खारा कौन पीता है? हमने दोनों कटोरी में मीठा डाल दिया."

मी म्हणालो, आणि दुसरी बाटली? "गोडे पाणी"?

चाचा जरा लाजले. त्यांच्या भोजपुरीत पायाला गोड़ म्हणतात. त्यांना वाटलं की खोलीत शिरताना पाय धुवायचं पाणी मी वेगळं काढून ठेवलं आहे. चार दिवस ते क्लोरिन काढलेल्या, औषध घातलेल्या पाण्याने पाय धुऊन आत येत होते. म्हणाले, तुम बहुत सफाई वाले हो, हमको लगा होगा.

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. हे सिद्धेशला सांगायला हवं असं मनात आलं, आणि तुझं नाव मनात आलं तसं हसू थांबलं.

मी विचारलं, "चाचा, कंपनी में भी? वो लॅब के बाहर वाला कॅन?"

"एक बार," चाचा म्हणाले. "सिद्धेश बोला था, चाचा, आखरी टंकी में मीठा पानी डालना. उस दिन वो दो लाइन पे था, आ नहीं पाया. हमने लिखा हुआ देखा. दो कॅन डाला."

मीठा म्हणताना तुला चांगलं, शुद्ध पाणी म्हणायचं होतं. दारापाशी एका बाजूला शुद्ध पाण्याचे निळे कॅन आणि दुसऱ्या बाजूला माझे, तेही निळेच. तुझं "नमक का पाणी" तिथे असतं, तर चाचांनी कॅनला हातही लावला नसता. मी ते पुसलं आणि बरोबर लिहिलं. मूळ शब्द मीठ, मी दीर्घ; प्रत्यय लागला की मि ऱ्हस्व, मिठाचे. बारावी अर्धी सोडली, पण शाळेतला हा नियम मी कधी सोडला नाही. चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

तू त्या दिवशी सगळा माल धुतलास. मिठाच्या पाण्यात धुतलास. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी करून भरली, म्हणून काही सापडलं नाही. आणि ऑफिसात चाचांनी खरं तेच सांगितलं, मीठा पानी डाला. यशवंतरावांनी ऐकलं, मी ऐकलं, तू ऐकलंस. कोणालाच वेगळं वाटलं नाही.

इथे थांबलो, तर चूक चिठ्ठीची ठरते. आधीची दोन पत्रं मी इथेच थांबवली होती. म्हणून ती फाडली.

११ तारखेला संध्याकाळी मी कॅन मोजले होते. सहा हवे होते, चार भरलेले आणि दोन रिकामे. कोणी वापरले ते माहीत नव्हतं. नियमाने रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं: दोन कॅन रिकामे सापडले, कारण अज्ञात. मला वाटलं, मला विचारतील, लक्ष कुठे होतं. मी दोन कॅन पुन्हा बनवून ठेवले आणि ती ओळ मोकळी सोडली. पहिल्या पत्रात एक दिवस सोडला तर असं लिहिलं होतं, तो हा दिवस.

आणि २५ तारखेला ऑफिसात उभा असताना मला ते दोन कॅन आठवले होते, सिद्धेश. काय झालं असेल ते कळलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण आठवले होते. त्याच दुपारचे होते. मी नुसतं म्हटलं असतं की साहेब, त्या दिवशी माझे दोन कॅन नाहीसे झाले, तर यशवंतरावांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता आणि चाचांनी उत्तर दिलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

आता ऑफिसात सांगायचं, तर चाचांचं नाव घ्यावं लागतं. त्यांचं वय पंचावन्न, त्यांना काढलं तर दुसरीकडे कोण घेईल. हे मी खरोखर त्यांच्यासाठी म्हणतो आहे, की त्यांच्या नावाआड मी पुन्हा शंखात शिरतो आहे, ते मला ठरवता येत नाही. तू असतास तर एका शब्दात सांगितलं असतंस.

हेल्पर ठीक आहे. गोडं पाणी ठेवल्यावर तासाभरात बाहेर आला आणि बराच वेळ वाटीत बसला. सुपरवायझरला आज एकेचाळीस दिवस झाले.

गणराज


भोसरी,
गुरुवार, २० मार्च २०२५

सिद्धेश,

शिमग्याची पालखी झाली असेल. तू दरवर्षी त्यासाठी अर्ज लिहून घ्यायचास. "कारण" या रकान्यात पालखी लिहू नकोस, पोटदुखी लिही म्हणायचास. यंदा अर्ज लागला नाही.

सोमवारी ऑफिसात जाऊन आलो. आदल्या दिवशी चाचांना विचारलं होतं, तुमचं नाव आलं तर चालेल का. चाचा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"लिख दो. लड़का बेकसूर गया, और हम बैठ के चाय पी रहे हैं. पानी ही तो डाला था, बेटा, कोई झूठ थोड़े डाला था."

मी दोनपानी निवेदन लिहिलं. चिठ्ठीचा मजकूर माझा, कॅन जवळजवळ ठेवले ते मी, नोंद टाळली ती मी. चाचांनी मिळालेल्या सूचनेप्रमाणे काम केले, असं लिहिलं. यशवंतरावांनी पूर्ण वाचलं. मग एक कॅन मागवला, चिठ्ठी मोठ्याने वाचली, एकदा मराठीत आणि एकदा चाचा वाचतील तशी. कॅन खाली ठेवला. म्हणाले, "मीही मीठा ऐकून पुढे गेलो रे." नंतर मात्र नोंद का टाळली यावरून पुष्कळ बोलले. ते सगळं बरोबर होतं.

तुझ्या जागी कॉन्ट्रॅक्टरने दुसरा माणूस दिला आहे. तुला परत घेतील असं मी लिहू शकत नाही, कारण ते तसं म्हणाले नाहीत. पण माल तुझ्यामुळे खराब झाला नव्हता असं त्यांनी लिहून दिलं, सही-शिक्क्यासह. सोबत जोडलं आहे. दुसऱ्या कंपनीत दाखवता येईल. चाचांना काही झालं नाही. मला लॅबमधून काढून १ एप्रिलपासून पॅकिंगला टाकलं आहे. तिथे खोके मोजायचे असतात. आईला सांगितलं, ती म्हणाली बरं झालं, गंजवण्यापेक्षा बरं.

लॅब सोडायच्या आधी मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. सहाही कॅनवर खडूने "नमक का पाणी" लिहिलं. ण तसाच ठेवला.

आणि सुपरवायझर वर आला. मंगळवारी संध्याकाळी, त्रेपन्नाव्या दिवशी. आधी वाळू हलली. मला वाटलं हेल्पर असेल, पण हेल्पर तर वाटीत होता. रंग फिका, पाय काचेसारखे, चाल अगदी सावकाश. आधी खाऱ्या वाटीत गेला, मग गोड्या, मग परत खाऱ्या. मी सहा रिकामे शंख मांडून ठेवले होते. त्यातला एक त्याने बराच वेळ चाचपला आणि जुना सोडून आत शिरला. मी कोणाला तरी सांगावं म्हणून उभा राहिलो. खोलीत कोणी नव्हतं. खाली जाऊन सावित्रीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा, जित्ता हाय न्हवं." तुझंही विचारलं, तो कोकणातला परत येनार न्हाई का. मी म्हणालो, माहीत नाही.

मी बाकी सगळं नीट केलं, सिद्धेश. पाणी, हवा, वाळू, सगळं मोजून दिलं. पण वाचलं की ते तीस वर्षंही जगतात, आणि पिल्लं समुद्राशिवाय होतच नाहीत. पस्तीस ग्रॅमने समुद्र होत नाही. ते ज्या किनाऱ्यावरून आले, तिथे त्यांना सोडायचं ठरवलं आहे. बरणीला भोकं पाडली आहेत, आत ओला भुसा. वाटेसाठी दोन बाटल्या घेतल्या आहेत. चिठ्ठी एकीवरही नाही, खाऱ्या पाण्याच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला आहे.

पुढच्या गुरुवारी, २७ तारखेला, सकाळच्या एसटीने दापोलीला उतरेन. शुक्रवारची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. तुझ्या घरी येणार नाही, तुला अवघडायला नको. किनारा विचारत जाईन. फक्त तू त्यांना कुठल्या दगडाशी उचललं होतंस, ते तुला एकट्यालाच माहीत आहे.

"धुताना पाहिलंस का" या यशवंतरावांच्या प्रश्नाचं उत्तर निवेदनाच्या शेवटी मी पुन्हा, पूर्ण लिहिलं. तेच इथे खाली सहीआधी लिहितो, म्हणजे ते तुझ्याकडेही राहील.

तू रोज धुवायचास हे रोज पाहिलेला,
गणराज